बाजेखालची टाकी

"टाकी कोणी हलवली बे? माह्या बाजेखालची टाकी कोणी हलवली!"

अड्याळात भाड्याने राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी या आवाजाने जागा झालो. जागा झालो म्हणजे उडालो. माझ्या खोलीच्या कौलांवर बसलेली कबुतरं त्या सकाळी जी उडाली ती थेट पवनीला जाऊन उतरली असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

बाहेर आलो तर छपरीत घरमालकीण काकू हातात पाना घेऊन उभी, आणि समोर एक मरतुकडी मांजर. बाजेखाली डिझेलची टाकी, आणि टाकीभोवती जमिनीवर खडूने काढलेली रेघ. मांजर टाकीला अंग घासून गेली होती आणि टाकी रेघेच्या बाहेर बोटभर सरकली होती.

"पाय आपल्या डोऱ्यानं, पाय! टाकी हलली का नळी हलते, नळी हलली का सांधा ढिला पडते, सांधा ढिला पडला का हवा घुसते!" 'पाय' म्हणजे आमच्याकडे 'पाहा'. हे सगळं ती मांजरीला समजावून सांगत होती. मांजरीने शांतपणे ऐकून घेतलं. त्यानंतर ती त्या गल्लीत कोणाला दिसली नाही. तिने लाखांदूरची एसटी धरली असावी.

काकूचं नाव गावात कोणी घेत नसे. 'इंजिनवाली' एवढं म्हटलं की पोस्टमनसुद्धा बरोबर दारात येई. बाजाराच्या मागे तिची धान भरडायची गिरणी होती. गिरणी म्हणजे एक टिनाची छपरी, छपरीत तांदूळ काढायचं हालर, आणि हालरला लांब पट्ट्याने जोडलेलं इंजिन. हे इंजिन मुळात एका जीपगाडीचं. जीप कधीच भंगारात गेली होती; काकूने तिच्यातून इंजिन काढून सिमेंटच्या ओट्यावर बसवलं होतं. "गाडी मेली, जीव माह्याजवळ आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. ते सुरू झालं की भिंतीपलीकडे माझ्या खोलीतली खाट चालायला लागे. दुपारी मी खिडकीपाशी आडवा होई आणि जाग येई तेव्हा दारापाशी असे. एकदा दार उघडं राहिलं होतं. बरं झालं, उंबरठा उंच होता.

मी तिथल्या एका खाजगी दवाखान्यात नवा कंपाउंडर. खोली मागायला गेलो तेव्हा नाव सांगितलं की पुढचा प्रश्न कोणता येणार हे मला पाठ होतं. आधी दोन दारांवरून तोच ऐकून परतलो होतो. ट्रंकेत बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तोंडात उत्तर तयार होतं. काकूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाना धरता येते काय?"

"नाही."

"शिकशील. सामान आण."

त्या दिवसापासून तिने मला 'डाक्टर' केलं. खऱ्या डॉक्टरांना ती 'तुह्या दवाखान्यातला तो' म्हणे.

तिचा नवरा विणकर. काकाजी आतल्या खोलीत हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणत. माणूस इतका कमी बोलणारा, की नव्या पाहुण्याला वाटावं या घरात बोलायचं काम मागाकडेच दिलेलं आहे. खटक-खटक, खटक-खटक, बस. इंजिन सुरू झालं की हादऱ्याने मागावरचे धागे तुटत. काकाजी धागा जोडत, पुन्हा तुटे, पुन्हा जोडत. कधी तक्रार नाही. फक्त एक करत: धागा तुटला की मान वर करून भिंतीकडे पाहत. भिंतीपलीकडे इंजिन, आणि इंजिनाशेजारी बायकोची बाज.

बाज तिथे कशी गेली, त्याची हकिकत आहे. एके काळी डिझेलची टाकी इंजिनाच्या वर, उंच फळीवर होती, जशी असायला हवी तशी. मग डिझेल चोरीला जाऊ लागलं. चोर सापडेना. तेव्हा काकूने टाकी खाली उतरवली, आपली बाज छपरीत आणली, टाकी बाजेखाली सारली आणि वर स्वतः झोपू लागली. चोरी थांबली. लग्नाचा नवरा आत मागापाशी आणि बायको बाहेर डिझेलवर, ही व्यवस्था मी यायच्या कितीतरी आधीपासूनची. गावालाही तिची सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती इंजिनाला.

"टाकी वर असली का डिझेल आपल्या पायानं उतरते," काकू मला समजावी. "खाली असली का पंपाले ओढा लागते. अन् ओढताना नळीत कुठं केसाएवढी फट भेटली, का पंप डिझेल सोडून हवा पिते. डिझेल बाहेर सांडलं त दिसते डाक्टर, वास येते, डाग पडते. हवा आत गेली त ना दिसते, ना वास, ना डाग. निसता इंजिनले ठसका लागते अन् ते जीव सोडते."

हा ठसका ओळखण्यात काकूचा हात, म्हणजे कान, जिल्ह्यात कोणी धरू शकत नव्हतं. जिल्हा म्हणजे जुना, गोंदियासकट अख्खा. ती बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला वांगी निवडत असायची, मध्ये अख्खा बाजार बोंबलत असायचा, आणि एकदम तिचा हात थांबायचा. "ठसकलं," एवढं म्हणून ती वांग्यांसकट धावत सुटायची. भाजीवाल्या बाया मग तिला आधी पैसे घेऊन मगच वांग्यांना हात लावू देत. ती छपरीत पोचे तेव्हा इंजिन नुकतंच आचके देत असे. मग पान्याने एअरचा स्क्रू ढिला करायचा, पंपाची दांडी अंगठ्याने खालीवर मारायची, स्क्रूतून आधी फेस येणार, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. ते आलं की स्क्रू आवळायचा आणि इंजिनाच्या अंगावर थाप मारायची. "ढेकर दे न मा, लाजतं काहून!"

हवेचा हा सिद्धांत ती सगळ्या जगाला लावी. भात करपला, हवा. पोरगा नापास झाला, हवा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हाची गोष्ट निघाली की ती म्हणे, "तिकडचा सांधा उघडला ना, तवापासून भंडाऱ्यात हवा घुसली. पाय न, एक तरी काम सलग चालते काय?" एकदा दवाखान्यात उचकीचा रोगी आला. डॉक्टरांनी गोळी दिली, इंजेक्शन दिलं, उचकी जाईना. काकू माझा डबा घेऊन आली होती. तिने दारातूनच ऐकलं आणि पदर खोचला. "याचा एअर काढा लागते!" आणि तिने कमरेचा पाना काढला. रोग्याने पान्याकडे पाहिलं. त्याची उचकी जागीच थांबली आणि डॉक्टरांना लागली.

आता हे सगळं आठवताना हसू येतं, पण गंमत अशी की नवा तांदूळ शिजला की आजही मला त्यात डिझेलचा वास येतो. तो वास आला नाही तर जेवण अळणी वाटतं. बायको म्हणते, तुमचं नाक तपासून घ्या. काकू असती तर म्हणाली असती, नाकात हवा आहे.

असो. खरी गोष्ट एका दिवाळीची.

बाजाराच्या त्या टोकाला एकाने विजेच्या मोटरवर चालणारं नवं हालर टाकलं होतं. लोडशेडिंग असेपर्यंत काकूला त्याची फिकीर नव्हती. दिवसभर वीज नसली की लोक मुकाट्याने तिच्याकडे येत. पण त्या वर्षी नेमकं दसऱ्यापासून काकूचं इंजिन ठसकू लागलं. रोज. चांगलं चालता चालता आचका देई आणि बंद. एअर काढला की पुन्हा सुरू, पायलीभर धान निघालं की पुन्हा बंद. धानाच्या चुंगड्या डोक्यावर घेऊन आलेल्या बाया खोळंबून बसत, आणि मग एकेक चुंगडी उचलून त्या टोकाला जायला लागली.

काकूने टाकीचं झाकण बदललं. तांब्याचे वायसर बदलले. क्लिपा आवळल्या. सांध्यांवर खर्ऱ्याच्या पन्न्या गुंडाळल्या. आमच्याकडे माणूस खर्रा, म्हणजे चोळलेली सुपारी-तंबाखू, खाऊन पन्नी फेकतो. त्या काळात अड्याळात एक पन्नी रस्त्यावर सापडत नव्हती, सगळ्या काकूच्या इंजिनावर. तरी ठसका कायम.

शेवटी ती माझ्याकडे आली. "डाक्टर, तुह्या दवाखान्यात ती सलाईनची नळी असते ना, आरपार दिसणारी?"

मी नळी आणली. तिने ती पंपाच्या तोंडाशी जोडली, म्हणजे पंपात शिरणारं डिझेल डोळ्याला दिसावं. इंजिन सुरू केलं. आम्ही दोघं उकिडवे बसून नळीकडे पाहत होतो. आधी नुसतं डिझेल. मग एक बुडबुडा आला. मग त्याच्या मागे दुसरा, मग लग्नाच्या वरातीसारखी रांगच.

"येऊन राहिले पाय कसे, आमंत्रण दिल्यासारखे," काकू दात खात म्हणाली. "म्हणजे पंप चांगला आहे. भोक त्याच्या अलीकडं आहे. टाकी ते पंप, मंधात कुठंतरी."

"काकू, मंधात तर फक्त हा रबरी पाइप आहे. तोच बदलून टाकू."

"पाइप याच साली आणला, कोरा आहे. अन् त्याच्यावर दसऱ्याची माळ आहे. हात लावशील त हात मोडीन."

हा तिचा नेम होता. दसऱ्याला सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात. काकू इंजिनाला नवरदेवासारखं सजवी. हळद, कुंकू, झेंडूची जाड माळ. आणि धानाची कापणी पुरी होऊन शेवटची चुंगडी भरडून जाईपर्यंत ती माळ कोणी हलवायची नाही. त्या वर्षीची माळ इंजिनावरून घेऊन रबरी पाइपवर नीट बसवलेली होती. झेंडू सुकून तपकिरी झाला होता, तरी तिच्याखालचा पाइप काकूच्या हिशेबात देव्हाऱ्यात होता.

भाऊबीज झाली आणि मंडई जवळ आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघर पाहुणे, जावई, दिवसा दंडारीची, म्हणजे लोकनाट्याची, सोंगं. आणि त्या दिवशी पाहुण्याच्या ताटात नवा तांदूळच पडला पाहिजे. म्हणजे मंडईच्या सकाळी गिरणीवर अख्खं गाव. बाजारात त्या मोटरवाल्याने काकूला डिवचलं, "काकू, ते इंजिन आता म्युझियमात ठेवा."

काकू भर बाजारात ओरडली. कोसभर ऐकू गेलं. "मंडईच्या दिवशी माहं इंजिन बंद पडलं, त त्याच दिवशी कबाड्याले देईन! माह्या हातानं काट्यावर ठेवीन!"

बोलून बसली. आणि बोललेलं फिरवायची तिला सवय नव्हती.

मंडईच्या दिवशी सकाळी भंगारवाला हातगाडी आणि वजनकाटा घेऊन समोरच्या ओट्यावर येऊन बसला. खर्रा चोळत होता. काकूने त्याला चहा पाठवला. चिनोर धानाच्या चुंगड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. इंजिन सुरू झालं. मी छपरीत उभा राहून पाहत होतो. आतला माग बंद होता, काकाजीही कान देऊन बसले असावेत. थोडे तांदूळ निघाले आणि काकूचा चेहरा बदलला. आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

"ठसकणार," ती म्हणाली.

भंगारवाल्याने खर्रा तोंडात टाकला आणि काटा झटकला.

इंजिन मंदावलं. एक आचका. तेवढ्यात गल्लीतून दंडारीची मंडळी मंडईच्या जागेकडे चालली होती: एक राजा, एक राक्षस, साडी नेसलेली मिशीवाली राणी आणि एक हातात लाकडी तलवार घेतलेला शिपाई. काकूने त्यांना पाहिलं आणि तिच्या डोक्यात काय चमकलं कोण जाणे.

"ए राजा! इकडं ये! राणीले घेऊन ये! सारे या!"

चौघं आले. काकूच्या हाकेला न येण्याची हिंमत राक्षसातही नव्हती. तिने बाजेखालची टाकी ओढली, आम्ही धरून ती बाजेवर चढवली. "चार कोपरे धरा, अन् खांद्यावर घ्या! इंजिनाच्या वर गेली पायजे टाकी!"

"काकू, माही साडी बिघडते," राणी म्हणाली.

"साडी बिघडू दे, मिशी त दिसूनच राहिली. उचल!"

चौघांनी बाज खांद्यावर घेतली. टाकी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर गेली, आणि आचके देणारं इंजिन असं गरजलं की रांगेतल्या चुंगड्यासुद्धा एक पाऊल मागे सरकल्या. टाकी वर गेली होती. डिझेल आता आपल्या पायाने उतरत होतं, पंपाला ओढायचं कामच उरलं नव्हतं. तांदूळ पांढराशुभ्र पडू लागला. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. राजाच्या तोंडावरचा रंग घामाने ओघळून राक्षसाच्या खांद्यावर जात होता. "किती वेळ धरायचं काकू?" "रांग सरेपर्यंत!" राक्षस रडवेला झाला.

पण काकू इंजिनाकडे पाहत नव्हती. ती खाली वाकून पाइपखालची जमीन पाहत होती. टाकी खाली असताना जे भोक हवा पीत होतं, तेच आता, टाकी वर गेल्यावर, डिझेल बाहेर टाकणार होतं. चोर स्वतःच दारात येणार होता.

टप्.

थेंब पडला. काकूने वर पाहिलं. वर होती दसऱ्याची माळ. सुकलेल्या झेंडूतून डिझेल ठिबकत होतं.

ती थबकली. सगळी गल्ली पाहत होती. मग तिने पायातल्या चपला काढल्या, इंजिनाला हात जोडले आणि माळ उचलायला गेली. माळ येईना. ती बांधलेली नव्हती, शिवलेली होती. कोशाच्या सोनेरी धाग्याने, रबरी पाइपला थेट सुई घालून, एकसारखे टाके. मी दवाखान्यातला माणूस, टाके पुष्कळ पाहिले; इतके सुबक टाके आमच्या डॉक्टरांनी कोणाच्या कपाळावर घातले नव्हते.

असे टाके घालणारा त्या गल्लीत एकच माणूस होता. सगळ्यांच्या माना आतल्या दाराकडे वळल्या. काकाजी दारात येऊन उभे होते.

"अवो," काकू म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "माळ तुमी शिवली काय?"

"हो."

फक्त इंजिन चालू होतं, आणि राणी कण्हत होती.

भंगारवाला ओट्यावरून उतरला. "काकू, बोली झाली होती. काय करायचं?"

"इंजिन बंद पडलं काय रे? तुह्या डोऱ्यादेखत चालून राहिलं!"

"चार माणसाच्या खांद्यावर चालून राहिलं."

"बोलीत खांद्याचं नाव नव्हतं. अन् इंजिनाचा काही कसूर नाही. कसूर माह्या घरच्या माणसाचा निघाला."

"मग काकाजीले घेऊ काय काट्यावर?"

गल्ली खदखदून हसली. काकाजी तेवढे हसले नाहीत. काकूने भंगारवाल्याच्या काट्याच्या पारड्यात नव्या तांदळाची ओंजळ टाकली आणि म्हणाली, "घरी पाहुणे असतील. जाय, भात खाय." तो तांदूळ पदरात घ्यावा तसा रुमालात बांधून गेला. मंडईच्या दिवशी कोणाचं इंजिन उचलायला त्यालाही जड गेलं असावं.

काकूने टाकीकडचा पाइप चिमटून धरला, पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन चालू असतानाच टाक्यांचा तुकडा कापून काढला आणि त्या जागी माझ्या सलाईनच्या नळीचा तुकडा जोडला. दंडारवाल्यांनी बाज खाली ठेवली. इंजिन रांग सरेपर्यंत एकदाही ठसकलं नाही. त्या दिवशी दंडारीतला राजा खांदा धरून नाचला आणि राणीला टाळ्या सगळ्यात जास्त पडल्या.

दुसऱ्या दिवशी काकूने सुताराला बोलावून इंजिनाच्या वर उंच, भक्कम फळी मारून घेतली, कुलूप लागणारी. टाकी वर गेली. खाली राखण करायला काही उरलं नाही, तेव्हा बाजेचं तिथे काय काम? संध्याकाळी मी दवाखान्यातून आलो तर छपरी रिकामी होती. बाज आत गेली होती, मागाच्या खोलीत. आत काकू सगळ्या दिवसाचा हिशेब मोठ्याने ऐकवत होती, आणि माग तिला खटक-खटक हुंकार देत होता.

मला राहवलं नाही. काकू पाणी आणायला गेली आहे असं पाहून मी मागाजवळ गेलो. इतक्या वर्षांचा संसार, बायको भिंतीपलीकडे, आणि ऐन दसऱ्याला नेमकी त्याच पाइपला सुई! मी हळूच विचारलं, "काकाजी, खरं सांगा. मुद्दाम शिवली होती काय?"

काकाजींनी तुटलेलं टोक शोधलं, बोटांत पिळून जोडलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुती धागा टिकला नसता."